बाळंतपणाला जाताना बघायची विमानं

माझ्या नणंदेला दिवस गेल्याची बातमी अमेरिकेहून आली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कॅलिफोर्नियाहून ॲरिझोना किती लांब आहे. पुण्याहून लग्न होऊन बंगळूरला येऊन मला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. मला वाटलं, तिकडे बाळंतपणाचं एखादं नावाजलेलं इस्पितळ असेल. मी कौतुकानं नवऱ्याकडे बघितलं, तर तो भिंतीकडे बघत होता. त्या घरातली मुरलेली माणसं अशा वेळी भिंतीकडे बघतात, हे मला पुढे समजलं.

सासऱ्यांना आमचं सगळं राजाजीनगर अण्णा म्हणे आणि सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. घर मूळचं बेळगावकडचं. बंगळुरात इतकी वर्षं काढल्यामुळे यांच्या मराठीत कन्नड कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं याचा मला पहिले काही महिने पत्ताच लागायचा नाही. अण्णा विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. उजवा कान पूर्ण गेलेला, डावा कामापुरता चालू. अक्कांचं मात्र याबाबतीत वेगळं मत होतं. त्यांच्या मते अण्णांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. हवं ते त्यांना ऐकू येतं आणि नको ते येत नाही. लग्न झाल्यापासून त्या हेच सांगत आल्या होत्या. रॉकेल आणायला सांगितलं तर या माणसाला ऐकू येत नाही, पण आकाशात विमान आलं की भरल्या ताटावरून उठून गच्चीवर धावतो, हा त्यांचा पुरावा. अण्णा यावर काही बोलत नसत. त्यांना ते ऐकू येत नसे.

आता ॲरिझोनाचं सांगते. महायुद्ध संपलं तेव्हा इंग्रज आपली अमेरिकन बनावटीची लिबरेटर नावाची अवाढव्य बॉम्बफेकी विमानं मोडूनतोडून इथेच टाकून गेले होते. ती गोळा करून, ठाकठीक करून पुन्हा उडती करायचं काम बंगळूरच्या कारखान्यात आलं, आणि अठरा वर्षांचे अण्णा नोकरीला लागले ते त्याच कामावर. पत्र्याला रिव्हेट मारायचे तर बाहेरून एकजण गन चालवतो आणि आतून दुसऱ्यानं लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो. विमानाचं शेपूट निमुळतं. तिथे आत शिरू शकेल इतका हाडकुळा माणूस खात्यात एकच होता. अण्णांनी तरुणपणाची पहिली काही वर्षं त्या शेपटांमध्ये बसून काढली.

पुढे फार वर्षांनी त्यातलंच एक विमान आपल्या सरकारनं अमेरिकेतल्या एका संग्रहालयाला दिलं. ते उडत उडत तिकडे गेलं आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन उभं राहिलं. ॲव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात अण्णांना एका परदेशी मासिकात त्याचा फोटो सापडला. शेपटावरचा नंबर ओळखीचा निघाला. तेव्हापासून अण्णांची आयुष्यात एकच इच्छा उरली होती, की तिथे जायचं आणि त्या शेपटात एकदा डोकावून बघायचं. हे ते सगळ्यांना सांगत, दूधवाल्यालासुद्धा.

मुलीच्या बाळंतपणामुळे ते जमायची वेळ आली. पण अण्णांचं एका विमानावर भागेना. कोरड्या हवेत पत्रा गंजत नाही, म्हणून तिकडे म्हातारी विमानं वाळवंटातल्या विमानतळांवर रांगेनं उभी करून ठेवतात. अण्णांनी मासिकं धुंडाळून असे विमानतळ काढले, त्यांच्या मधे मधे विमानांची संग्रहालयं बसवली आणि कॅलेंडरच्या पाठीमागे मोठा नकाशा काढला. सगळा दौरा त्यात बसवता बसवता मुलीचं गाव नकाशाच्या बाहेर पडलं. अक्कांनी तो नकाशा चष्मा लावून नीट बघितला आणि सांगितलं, भंगारच बघायचं असेल तर शिवाजीनगरच्या गुजरीत जा, तिथे थेट बस जाते. हेही अण्णांना ऐकू आलं नाही.

राहिला तारखेचा प्रश्न. डॉक्टरनं ऑगस्टमधली तारीख दिली होती आणि ती नेमकी दौऱ्याच्या मध्यावर येत होती. तारीख पक्की आहे का, हे नणंदेला विचारायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यात अण्णांनी एकही डिलिव्हरी वेळेवर झालेली पाहिली नव्हती, त्यामुळे पंधरवडा मागेपुढे होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. फोनवर बोलायचं काम असंही माझंच असे. रिसीव्हरमधलं बोलणं अण्णांना मुळीच कळत नसे. मी ऐकायचं आणि त्यांच्या डाव्या कानात ओरडून सांगायचं, अशी पद्धत पडली होती. यामुळे समोरच्या घरातल्या बाईंना नणंदेच्या उलट्यांची खडान् खडा माहिती असे, आणि भाजीच्या गाडीपाशी त्या मला आल्याचा रस सुचवत. त्या दिवशी भर सकाळी मी अण्णांच्या कानात, बाळ तुमच्यासाठी थांबणार नाही असं ती म्हणतेय, असं ओरडले, आणि समोरच्या बाई खिडकीतून हात हलवून म्हणाल्या की नाहीच थांबत.

अण्णांच्या कारखान्यात ट्रायल घेतल्याशिवाय कुठलीही वस्तू दाराबाहेर पडत नसे. तेव्हा दौऱ्याचीही ट्रायल हवी, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. मी हसले. नवरा पुन्हा भिंतीकडे बघायला लागला, तेव्हा मी हसायची थांबले.

ट्रायलसाठी वाळवंट हवं. नवरा पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नटबोल्टच्या कारखान्यात होता, आणि रविवारी पीण्यात चिटपाखरू नसतं. रुंद रस्ते, धूळ, पत्र्याच्या बंद शेडी. अण्णांच्या मते बंगळुरात वाळवंटाच्या जवळपास जाईल अशी तेवढी एकच जागा होती. नवऱ्याच्या कारखान्याच्या आवारात पडलेला एक गंजका बॉयलर म्हणजे लिबरेटर, आणि तिथवर जाताना लागणारे चौक म्हणजे विमानतळ, असं ठरलं. अडचण आली ती हवेची. एप्रिल असूनही त्या रविवारी ढग होते आणि झकास वारा सुटला होता. असल्या हवेत वाळवंटाची ट्रायल घेण्यात काही अर्थ नाही म्हणून अण्णांनी आम्हाला स्वेटर घालायला लावले. वर मफलर. अक्कांनी शाल घेतली, कारण स्वेटर घालून मी रस्त्यानं हिंडणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

पाण्याचे कॅन उचलून आम्ही चौघं निघालो. प्रत्येक चौकात अण्णा थांबत, त्या विमानतळाचं नाव मोठ्यानं सांगत आणि आम्हाला बघायला लावत. आम्ही रिकाम्या चौकाकडे बघत असू. बघून झालं की अक्का विचारत, झालं का, आणि पुढे चालू लागत. तिसऱ्या की चौथ्या विमानतळावर मी घामानं इतकी भिजले की मला खरंच भोवळ आली, तर अण्णांनी समाधानानं मान हलवली. ट्रायल नीट चालली होती.

एका शेडीपाशी वॉचमननं अडवून कन्नडमध्ये विचारलं, कुठे निघालात. अण्णांनी खरं तेच सांगितलं, ॲरिझोनाला. वॉचमननं आमचे मफलर बघितले, थोडा विचार केला आणि सांगितलं की इथून थेट काही मिळणार नाही, जालहळ्ळी क्रॉसपर्यंत चालत जा आणि तिथे विचारा. अण्णांनी सरी, म्हणजे बरं, असं म्हणून त्याचे आभार मानले. बॉयलरपाशी पोचल्यावर त्यांनी त्याच्या भोकात डोकं घालून आत बराच वेळ बघितलं. अक्का सावलीला दशमी खात बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, की यांना एकदाचं ते शेपूट दिसू दे, म्हणजे आपलं घर यातून सुटेल.

मग व्हिसा. त्यासाठी मद्रासला जावं लागे आणि तिथे काचेच्या खिडकीमागून साहेब प्रश्न विचारी. याचीही ट्रायल जेवणाच्या टेबलावर झाली. मी सॉफ्टवेअर कंपनीत इंग्रजी बोलत असल्यामुळे साहेब मीच. अमेरिकेला कशासाठी जाणार, असं मी विचारलं की अण्णा लिबरेटरपासून सुरुवात करत आणि शेपटापर्यंत येत. मी त्यांना परोपरीनं सांगितलं, की तुम्ही सरकारी विमान कारखान्यातले, तुम्ही लष्करी विमानं बघायला येतोय म्हटलंत तर तो तुम्हाला दारातूनच परत पाठवील. मुलीच्या बाळंतपणाला, एवढंच म्हणा. अण्णांना ते पटत नसे. बाळंतपण अक्का करणार, मी तिथे काय करणार, मग खोटं कशाला बोलायचं, हा त्यांचा मुद्दा. रोज संध्याकाळी हेच. शेवटी मी त्यांच्याकडून ते एक वाक्य घोकून घेतलं आणि त्यापलीकडे तोंड उघडायचं नाही अशी तंबी दिली. अक्कांची तयारी करून घ्यावी असं कुणालाच वाटलं नाही. आईला कोण नाही म्हणणार. त्या त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून डिंक निवडत असत.

मद्रासमध्ये दोघांना वेगवेगळ्या खिडक्यांवर बोलावलं, आणि इथेच घोटाळा झाला. अक्कांचं इंग्रजी शाळेपुरतं. काचेमागचा गोरा माणूस बघून तेही आठवेना. त्यानं विचारलं, कशासाठी जाणार. या प्रश्नाचं उत्तर घरात त्यांनी महिनोन् महिने ऐकलं होतं, आणि तेच त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. वाळवंटातले विमानतळ ओळीनं, मधली संग्रहालयं, मग लिबरेटर, मग शेपूट. एकही चौक चुकला नाही. साहेबानं हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं की तुम्हाला यातलं कुठलं विमान जास्त आवडतं. अक्का म्हणाल्या, सगळीच फार चांगली आहेत. त्यानं हसून व्हिसा दिला.

शेजारच्या खिडकीवर अण्णांना काचेपलीकडचं अक्षरही ऐकू येत नव्हतं. त्यामुळे त्यांनी प्रत्येक प्रश्नाला घोकलेलं वाक्य, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. नोकरी कुठे करत होता? मुलीची डिलिव्हरी. किती दिवस राहणार? मुलीची डिलिव्हरी. परत येणार याचा भरवसा काय? यालाही त्यांच्याकडे तेच उत्तर होतं. विमान कारखान्यातला एक निवृत्त माणूस डिलिव्हरीशिवाय दुसरं काही बोलायला तयार नाही, हे बघून त्या साहेबाला जे वाटायचं ते वाटलं असणार. अण्णांचा पासपोर्ट नकार घेऊन परत आला.

घरी आल्यावर आम्ही आधी हसलो. नवरा तर अक्कांची नक्कल करता करता खुर्चीवरून पडायच्या बेतात आला होता. मग अण्णांकडे लक्ष गेलं आणि हसू आटलं. ते आमच्याकडे उजवा कान करून बसले होते. त्यानंतर बरेच दिवस ते तसेच बसत. गच्चीवरून विमान गेलं तरी उठत नसत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुन्हा अर्ज करायला तेव्हा वेळ नव्हता, आणि आपल्या वयाला पुढच्या खेपेचं काही खरं नाही हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं.

एका सकाळी ते उठले आणि अक्कांना न्हाणीघरावरच्या माळ्यापाशी घेऊन गेले. स्टूल ठेवलं, हातात टॉर्च दिला आणि म्हणाले, वर चढून आत डोकाव. आपल्याऐवजी अक्कांनी शेपूट बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्याची ट्रायल सुरू झाली होती. अक्कांनी टॉर्च परत दिला. मी लेकीचं बाळंतपण करायला चालले आहे, म्हणाल्या, आणि मला त्या विमानातलं ठो कळत नाही, मी बघून काय करू.

"कळायला नको गं," अण्णा म्हणाले. "नुसतं बघून ये. मी कुठे होतो ते कुणीतरी बघितलं म्हणजे झालं."

अक्का वळून स्वयंपाकघरात गेल्या. आपल्याला ऐकूच आलं नाही, असं त्यांनी दाखवलं.

जाण्याच्या दिवशी बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, वेखंड, अळीव आणि जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांमध्ये अण्णांनी हळूच तो टॉर्च सारला होता. अक्कांना विमानतळावर पोचवून आम्ही घरी आलो, तर टॉर्च फडताळात होता. अण्णांनी तो चालू करून बघितला, बंद केला आणि पुन्हा तिथेच ठेवला. मला अक्कांचा राग आला, अगदी मनापासून.

बाळ डॉक्टरनं सांगितलेल्या तारखेलाच झालं. मुलगी. दर रविवारी सकाळी अक्कांचा फोन येई. कावीळ उतरली, वजन भरलं, तिकडच्या आंघोळीच्या टबाला काही अर्थ नाही, जावई लाडू लपवून खातो. मी सगळं अण्णांच्या कानात ओरडे आणि समोरच्या बाई तिकडून मान डोलावत. अण्णांनी विमानाचं नाव एकदाही काढलं नाही. फोन ठेवला की एवढंच विचारत, आणखी काही? मी नाही म्हणे. सरी, म्हणून ते पेपर उघडत. सव्वा महिना होईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही आणि तिच्या आईनं तिला सोडून हलायचं नाही, हा अक्कांचा नियम अमेरिकेतही चालू होता. सव्वा महिना झाल्यावर त्यांच्या परतीचा दिवसही जवळ आला.

त्या रविवारी फोन उशिरा आला. अक्कांचा आवाज बसला होता. मला वाटलं बाळाला काही झालं. त्या म्हणाल्या, "कालपासून प्रवासात होतो. आत्ता आलो बघ. ॲरिझोनाला जाऊन आले मी."

मी अण्णांच्या कानात ते ओरडले. अण्णा खुर्चीचा हात धरून खाली बसले. समोरची खिडकी उघडली.

मग अक्का सांगत गेल्या आणि मी ओरडत गेले. नणंदेपाशी तिच्या मैत्रिणीला बसवून त्या जावयाच्या गाडीतून निघाल्या होत्या. दिवसभर नुसतं वाळवंट. सासूशी काय बोलावं हे जावयाला सुचेना आणि जावयाशी काय बोलावं हे सासूला, म्हणून त्या त्याला लाडू देत राहिल्या आणि तो खात राहिला. संग्रहालयात लिबरेटरला दोर लावलेला होता. आत जायला बंदी. तिथे माहिती सांगायला एक गोरा म्हातारा काठी टेकत हिंडत होता. त्याला अक्कांनी कन्नड आणि इंग्रजी मिसळून सांगितलं, की आमचे हे या शेपटात बसत होते, मला बघायचंय. जावयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हाताऱ्यानं दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतली, आणि दोर उचलला.

साठीला आलेल्या माझ्या सासूबाई, लेकीचे कॅनव्हासचे बूट घालून आणि साडीचा काष्टा मारून, पोटाखालच्या दारातून त्या विमानात शिरल्या आणि गुडघ्यांवर रांगत शेपटाकडे गेल्या. मी हे ओरडून सांगताना अण्णा डोळे मिटून ऐकत होते. उजवीकडे फळी आहे, तिला धर म्हणावं, असं ते पुटपुटले. पुढे सरकता येईना तिथे अक्का बसल्या. आत अंधार होता आणि भट्टीसारखं तापलं होतं. त्या नेमक्या कुठे पोचल्या हे बघायला म्हाताऱ्यानं बाहेरून पत्र्यावर काठी मारली.

मला वाटलं लाइन तुटली. मी हॅलो हॅलो करत होते.

"नुसती काठी होती गं," अक्का म्हणाल्या. "माझ्या कानठळ्या बसल्या. डोकं फुटतंय असं वाटलं. आणि हे तिथे आत बसून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत…" त्यांचा आवाज फाटला. मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, त्यांना खरंच ऐकू येत नाही. मी उगाच बोलत आले इतकी वर्षं. माझं चुकलं म्हणावं."

हे मला, सुनेला, रविवारी सकाळी, समोरची खिडकी उघडी असताना सासऱ्यांच्या कानात ओरडायचं होतं. आवाज निघाला तो नेहमीच्या निम्माही नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण बोलतो तेवढाच. तेवढ्याच आवाजात मी त्यांना अक्कांचा निरोप सांगितला.

अण्णांचे डोळे भरून आले आणि पाणी गालांवरून ओघळलं. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग डावा कान माझ्याकडे करून म्हणाले, "स्वल्प मोठ्यानं सांग की गं. मला नीट ऐकू आलं नाही."

मी पुन्हा सांगितलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.